सिडनी कार्टन सुटला की पळाला?

गोदाकाठी
रविवारी कॉलेज रोडला चहावर आमच्यात जुंपली, ते भांडण इथे आणतोय. विषय डिकन्सची 'अ टेल ऑफ टू सिटीज' (१८५९). न वाचलेल्यांसाठी: सिडनी कार्टन हा लंडनचा दारूत बुडालेला हुशार वकील. डोकं याचं, नाव स्ट्रायव्हर या दुसऱ्या वकिलाचं. लूसीवर जीव, पण तिचं लग्न झालं चार्ल्स डार्नेशी. फ्रेंच राज्यक्रांतीत डार्नेला गिलोटिनची शिक्षा होते. दोघं दिसायला सारखे. कार्टन तुरुंगात शिरतो, डार्नेला गुंगी देऊन बाहेर पाठवतो आणि त्याच्या जागी मरतो. लोक म्हणतात उद्धार झाला, पुनर्जन्म झाला.

मी म्हणतो, पळाला. इतकी वर्षं नीट जगणं जमलं नाही, एक दिवस मरणं जमलं. सुधारलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी उठावं लागतं, समोर बाटली असते. ती सकाळ लेखकाने येऊच दिली नाही. दोस्तोयेव्स्कीच्या 'गुन्हा आणि शिक्षा'मधला खुनी रास्कोलनिकोव्ह बघा. सायबेरियात आठ वर्षं सक्तमजुरी, आणि पुस्तक संपतं तेव्हा त्यातली सात बाकी. याला म्हणतात प्रायश्चित्त.

बागलाणकर
दादा, मग शिवाजी महाराजांचे सेनापती प्रतापराव गुजरही पळालेच म्हणा! आमच्या साल्हेरला १६७२ मध्ये मोरोपंतांबरोबर मैदान मारणारा माणूस. पुढे उमराणीला आदिलशाहीचा सरदार बहलोलखान हाती आलेला सोडला, महाराजांचे बोल लागले, आणि फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरीला सहा जणांना घेऊन खानाच्या फौजेवर घोडा घातला. चूक रक्ताने धुतली. अजून काय करायचं माणसाने?

गोदाकाठी
खानाला हरवायचं! राज्याभिषेक साडेतीन महिन्यांवर आणि स्वराज्याचा सरनोबत, म्हणजे सेनापती, गेला. खान तसाच राहिला. आपल्या नाशिकच्या तात्यासाहेबांनी, म्हणजे कुसुमाग्रजांनी, 'वेडात मराठे वीर दौडले सात' या ओळीत पहिला शब्द 'वेडात' उगाच नाही घातला.

बागलाणकर
वेडात म्हणजे मूर्खपणात असा अर्थ लावणारे तुम्हीच पहिले. मी उठतो.

(उठले नाहीत. खाली अजून तीन वेळा आलेत, पण ते सगळं साल्हेरच्या रस्त्याबद्दल.)

पंचवटीतली सून
आमच्या घरापासून रामकुंड पाच मिनिटांवर. पिंडाला कावळा शिवेना की घरचे हात जोडून सांगतात, 'काळजी करू नका, मुलांचं आम्ही बघू.' मग शिवतो. कार्टनला शेवटी दिसतं की लूसीला मुलगा झालाय, त्याला सिडनीचं नाव आहे, तो वकील होऊन नाव काढतोय. मला वाटलं, हा माणूस स्वतःच्याच पिंडापाशी उभा राहून स्वतःला वचन देतोय. पुनर्जन्म म्हणतात तो हाच असावा.

निवृत्त बाई
सगळे सुऱ्यापाशी अडकलात. त्याच्या आधीची पानं वाचा रे. त्या दिवशी बावन्न मुंडकी पडणार असतात. त्या रांगेत शिवणकाम करून पोट भरणारी एक गरीब पोर आहे. डार्नेला ती तुरुंगात ओळखत होती, म्हणून चेहरा नीट बघितल्यावर तिच्या लक्षात येतं की हा तो नव्हे. ती विचारते, त्याच्यासाठी मरताय? हा म्हणतो, त्याच्या बायकोमुलीसाठीही. मग ती एवढंच मागते की हात धरू द्या. तिचा नंबर बावीस, त्याचा तेवीस. गिलोटिन दिसू नये म्हणून तो तिला पाठ त्या यंत्राकडे करून उभी करतो आणि तिच्याशी बोलत राहतो.

आता सांग. आयुष्यभर स्वतःच्या दुःखातून डोकं वर न काढलेला माणूस हा. लूसीसाठी मरण्यात प्रेम आहे, थोडा अहंकारही असेल, चल मान्य. पण या पोरीचं तो काही लागत नाही. तिच्याकडून ना नाव मिळणार, ना कौतुक. तुला हवी ती दुसऱ्या दिवशीची सकाळ त्याला गिलोटिनकडे नेणाऱ्या त्या गाडीतच मिळाली. तासाभराची होती, एवढंच.

गोदाकाठी
बाई, रात्री ती पानं पुन्हा काढली. हात धरण्याचं मान्य, तिथे माझं काही चालत नाही. पण एक बघा. ते गाजलेलं शेवटचं वाक्य, आजवर केलं त्याहून हे कितीतरी चांगलं म्हणणारं, कार्टन बोलतच नाही. लेखक लिहितो, बोलला असता आणि ते भविष्य ठरलं असतं तर असं बोलला असता. पंचवटीताईंचा तो मुलगा, ते नाव, सगळं त्या 'तर'च्या पोटात आहे. डिकन्सलाच खात्री नव्हती का?

निवृत्त बाई
बोलायला तोंड रिकामं नव्हतं त्याचं. त्या पोरीशी बोलत होता ना. रविवारी येताना पुस्तक आण, माझी प्रत कुणीतरी नेलीये.