मदत हवी आहे: सिलिंडर किलोत, पाइप गॅस घनमीटरमध्ये, वीज युनिटमध्ये. तुलना करायची कशी?

नमस्कार मंडळी,
लवकरच नव्या फ्लॅटमध्ये जातोय. तिथे पाइप गॅस आहे. बायको म्हणते इंडक्शन घेऊन टाकू, आणि आई सिलिंडर सोडायला तयार नाही. कोणाचंही ऐकायचं तर आधी हिशेब हवा, आणि गाडी तिथेच अडलीये. सिलिंडर 14.2 किलोचा, पाइप गॅसच्या बिलावर एससीएम (म्हणजे प्रमाणित घनमीटर), विजेच्या बिलावर युनिट. किलो आणि घनमीटर ही ऊर्जेची मापंच नव्हेत!

शाळेतलं एवढं आठवतं: एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, म्हणजेच 3.6 मेगाज्यूल. 2000 वॅटची इंडक्शन शेगडी पूर्ण ताकदीवर अर्धा तास चालली की एक युनिट. पण गॅस युनिटमध्ये कसा आणायचा? आणि वाया जाणारी उष्णता धरायची की नाही?

प्रतिसाद 1:
वाया जाणारी उष्णता धरायचीच, सगळी मेख तिथेच आहे. एक किलो एलपीजी जळला की सुमारे 46 मेगाज्यूल मिळतात. म्हणजे अख्खा सिलिंडर साधारण 650 मेगाज्यूलचा, 3.6 ने भागलं की 180 युनिट. पण पातेल्यात जातं किती? गॅस शेगडीची कार्यक्षमता मानकाप्रमाणे चाचणीत निदान 68 टक्के यावी लागते. घरी लहान पातेल्याच्या कडेने ज्योत बाहेर येते, तेव्हा 65 धरा. इंडक्शनला 85 धरा. म्हणजे सिलिंडरचं काम इंडक्शनवर सुमारे 140 युनिटांत होतं (180 × 65 ÷ 85). सिलिंडरच्या किमतीला 140 ने भागा; वीज त्याहून स्वस्त पडत असेल तरच इंडक्शन परवडेल.

प्रतिसाद 2:
पाइप गॅससाठी: एक एससीएम म्हणजे ढोबळमानाने 10 युनिट. बिलावर उष्मांक (एक एससीएम जळल्यावर मिळणारी उष्णता) किलोकॅलरीत छापला असेल तर 860 ने भागा, युनिट मिळतील. या हिशेबाने एक सिलिंडर म्हणजे सुमारे 18 एससीएम. अर्थात, दोन्ही गॅस शेगड्यांची कार्यक्षमता सारखी धरली तरच हा हिशेब चालतो.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार, 140 चा आकडा फ्रिजवर चिकटवतो. पण विजेचा दर कुठला धरू? एकूण बिल भागिले युनिट?

प्रतिसाद 1:
छे, तो सरासरी दर झाला. स्थिर आकार तुम्ही इंडक्शन घेतलं नाही तरी भरणारच, तो वगळा. स्वयंपाकाची वाढीव युनिटं वरच्या स्लॅबमध्ये (जास्त वापराच्या, महाग दराच्या टप्प्यात) जातात, म्हणून त्या स्लॅबचा वीज आकार घ्या, त्यात बिलावरचे वापरानुसार वाढणारे बाकीचे आकार, म्हणजे वहन आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्क मिळवा. महिन्याला 100 युनिटांच्या आत बसणाऱ्या घराचं आणि 300 ओलांडणाऱ्या घराचं उत्तर वेगळं येईल. तुमचा वापर किती?

प्रतिसाद 3:
आणि फुलके कशावर भाजणार, ते आईंना आधी विचारा.