शहराच्या गोंगाटापेक्षा खेड्यातली शांतता बरी, की हे दुरून साजरे दिसणारे डोंगर?

रानवाट (धागाकर्ता)

शहर सोडून खेड्यात राहायला जाण्याचा विषय निघाला की एक उत्तर हमखास ऐकू येते, ते म्हणजे आवाजाची सवय होते. माझे म्हणणे असे की ही सवय मनाला होते, शरीराला पुरती कधीच होत नाही. रात्री खिडकीखालून अवजड वाहन गेले तरी त्या खोलीत वर्षानुवर्षे झोपणारा माणूस जागा होत नाही आणि सकाळी विचारले तर झोप छान लागल्याचेही सांगतो. पण वाहन जात असताना त्याच्या हृदयाचे ठोके वाढलेले असतात, गाढ झोप काही काळ उथळ झालेली असते, आणि हे रात्रभर पुन्हा पुन्हा घडत राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये घराबाहेरचा रहदारीचा आवाज रात्री सरासरी ४५ डेसिबलच्या खाली असावा, अशी शिफारस आहे. डेसिबलच्या मापात १० ची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट, हे माहीत असलेल्या कोणालाही मोठ्या रस्त्यालगतच्या घराचा हिशेब वेगळा सांगावा लागणार नाही.

मला खेडे हवे आहे ते हिरवळीसाठी किंवा सूर्यास्तासाठी नव्हे. तिथे आवाज सुरू होतो तसा संपतोही, एवढे एक कारण मला पुरेसे वाटते. शहरातला रस्ता मात्र कधी संपतच नाही.

भरचौक

धागाकर्त्यांनी झोपेचा मुद्दा चांगला मांडला आहे, मात्र शांततेची किंमत अंतराच्या रूपात मोजावी लागते, याचा त्यांच्या लेखनात उल्लेखही नाही. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला, तर ती विरघळवण्याचे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी मेंदूचे स्कॅन करून रक्तस्राव झालेला नाही याची खात्री करावी लागते. म्हणजे नुसते डॉक्टर जवळ असून भागत नाही. स्कॅनचे यंत्र, ते चालवणारा माणूस आणि निदान करणारा तज्ज्ञ हे तिन्ही रात्रीच्या वेळी हाताशी असावे लागतात. अशी सोय जिथे असते तिथे माणसांची दाटी असते, आणि दाटीबरोबर आवाज ओघाने येतोच.

दुसरा मुद्दा मला याहून महत्त्वाचा वाटतो. खेड्यात रस्ता शांत असतो, माणसे शांत नसतात. आपल्या घरी कोण आले, दिवा किती वाजेपर्यंत जळत होता, कामधंदा सोडून आपण घरी का बसलो आहोत, याची चौकशी तिथे थांबत नाही. मध्ययुगीन जर्मन नगरांमध्ये एक वर्ष आणि एक दिवस राहिलेल्या वेठबिगारावर जमीनदाराचा हक्क उरत नसे, असा रिवाज अनेक ठिकाणी होता. शहराकडे लोक केवळ पोटासाठी गेले नाहीत, कोणी ओळखत नाही या सुटकेसाठीही गेले. एकट्या राहणाऱ्या स्त्रीला, किंवा घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलेल्या जोडप्याला विचारून पाहा. त्यांना चौकातला कलकलाट गावच्या कुजबुजीपेक्षा पुष्कळ सुसह्य वाटेल.

बांधावरून

मी शेतीच्या गावातच राहतो, म्हणून दोघांनाही थोडे टोकतो. खेडे शांत असते हे अर्धेच खरे आहे. दिवसा पाण्याचे पंप, ट्रॅक्टर आणि हंगामात मळणीयंत्रे चालतात; बिनकेबिनच्या ट्रॅक्टरवर वर्षानुवर्षे बसलेल्या शेतकऱ्यांना ऐकू कमी येणे, ही जगभर आढळणारी तक्रार आहे. रात्रीची गंमत निराळी. दिवसा जमीन तापलेली असल्यामुळे ध्वनी वरच्या बाजूला वळून विरून जातो, पण निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्यावरची हवा उबदार असते, त्यामुळे तोच ध्वनी खाली वळतो. पलीकडच्या वस्तीवरच्या कर्ण्यातले शब्द अशा वेळी अंथरुणात पडल्यापडल्या ओळखू येतात, आणि आजूबाजूला दुसरा कसलाच आवाज नसल्याने ते अंगावर येतात. शहरात हाच कर्णा रहदारीत बुडून गेला असता.

शांतता शोधत आलेल्यांशी आमचे खटके उडतात तेही यावरूनच. फ्रान्समध्ये एका बेटावरच्या मोरीस नावाच्या कोंबड्याविरुद्ध शेजारी सुट्टीसाठी येणाऱ्या घरमालकांनी दावा लावला होता. २०१९ मध्ये निकाल कोंबड्याच्या बाजूने लागला, आणि २०२१ मध्ये तिथल्या संसदेने ग्रामीण भागातले आवाज आणि वास यांना वारशाचा दर्जा देणारा कायदाच केला. कोंबड्याने आरवू नये म्हणून कोर्टाची पायरी चढणाऱ्यांना खेडे हवे होते की खेड्याचे चित्र, हे ज्याने त्याने ठरवावे.

रानवाट

कर्ण्याचा त्रास मला मान्य आहे, आणि मोरीसच्या बाबतीत मी न्यायालयाच्या बाजूने आहे. तरीही ट्रॅक्टर, पंप आणि कोंबडा यांच्यामागे कोणाचे तरी काम आहे किंवा दिवसाचा क्रम आहे. त्यांची वेळ कळते आणि ती टळते. मोठ्या रस्त्याच्या अखंड घरघरीला अशी वेळच नसते. पक्ष्यांनासुद्धा ती सोसत नाही: सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या पांढऱ्या पट्ट्यांच्या चिमण्या २०२० च्या टाळेबंदीत रहदारी थांबताच हळू आवाजात गाऊ लागल्या, आणि तरी त्यांचे गाणे आधीपेक्षा दूरवर पोहोचू लागले, असे संशोधकांना आढळले. एरवी त्या ओरडतच होत्या म्हणायच्या.

कुजबुजीच्या मुद्द्यावर माझ्यापाशी उत्तर नाही. मला चौकशांचा त्रास होत नाही, पण ज्यांना होतो त्यांनी खेड्यात यावे असे मी म्हणणार नाही.

तिसरा मजला

ही सगळी चर्चा शहराचा गोंगाट अटळ आहे असे गृहीत धरून चालली आहे. पॅरिसने ऑगस्ट २०२१ मध्ये बहुतेक रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची वेगमर्यादा लागू केली, आणि आवाज कमी करणे हे त्यामागचे एक उघड कारण होते. विजेवरच्या गाड्या आल्या की शहरे आपोआप शांत होतील, हा समज मात्र फोल आहे, कारण वेग वाढला की मोटारीच्या इंजिनापेक्षा टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाचाच आवाज अधिक होतो. तेव्हा गाडी कुठलीही असली तरी वेग उतरवणे, रस्त्याचा थर बदलणे आणि विनाकारण हॉर्न वाजवणाऱ्याला खरोखर दंड करणे, हेच मार्ग उरतात. ज्यांना निघून जाणे परवडते ते निघून गेले, तर या मागण्या लावून धरणार कोण?

रानवाट

लावून धराव्यात, मीही सही करीन. पण पन्नाशी उलटलेल्या माणसाने झोपेसाठी नगरपालिकेच्या ठरावाची वाट पाहत बसावे, हे मला पटत नाही. भरचौक यांच्या अंतराच्या मुद्द्यावर मी एवढेच ठरवले आहे की रात्रीसुद्धा स्कॅन होऊ शकेल असे रुग्णालय गाडीने तासाभरात गाठता येईल, त्यापलीकडचे गाव निवडायचे नाही.

भरचौक

म्हणजे आपल्याला खेडे नको आहे. शहराच्या सोयी तासाभरावर ठेवून त्याचा आवाज तेवढा दूर असलेली जागा हवी आहे. अशा जागा थोड्या आहेत आणि त्या हव्या असणारे पुष्कळ आहेत. ते सगळे तिथे राहायला गेले की प्रत्येकाला आपापली गाडी लागेल आणि त्या गाड्यांसाठी रस्ता रुंद करावा लागेल. बांधावरून यांना विचारा, तो रस्ता कोणाच्या खिडकीखालून जाईल.