मदत हवी आहे: स्वतःमधल्या वेगवेगळ्या 'भागां'शी बोलायचं ध्यान मराठीत कसं करावं?

नमस्कार मंडळी,

लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. आज दुपारी घरी कुणी नाही, म्हणून बसले.

मी नागपूरची. वय ४७, कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. दिवाळीनंतर झोप उडाली. रात्री तीनला छातीत धडधड, आणि दिवसा वर्गात मुलींवर विनाकारण ओरडणं. ईसीजी, थायरॉईड सगळं नीट आलं, तेव्हा फॅमिली डॉक्टरांनीच समुपदेशनाचं सुचवलं. आता दर पंधरा दिवसांनी एका ताईंकडे जाते. त्या 'इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स', म्हणजे आयएफएस पद्धतीने काम करतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रिचर्ड श्वार्ट्झ हे अमेरिकेतले फॅमिली थेरपिस्ट. १९८०च्या दशकात त्यांच्याकडे बुलिमियाचे रुग्ण यायचे, म्हणजे भरमसाट खाऊन मग ते उलटून टाकणारे. बोलताना ते म्हणायचे, माझा एक भाग मला खायला लावतो आणि दुसरा त्यावरून मला शिव्या घालतो. श्वार्ट्झ यांनी ते शब्दशः धरलं आणि घरातल्या माणसांशी बोलावं तसं या भागांशी बोलायला सुरुवात केली. त्यांच्या मांडणीत काही भाग 'मॅनेजर' असतात, म्हणजे सगळं हाताशी धरून ठेवणारे, टीका करणारे. काही 'फायरफायटर', दुःख वर आलं की ते काहीही करून विझवणारे. आणि काही 'एक्झाइल', म्हणजे दुखावलेले, बहुतेक लहानपणातले, कोंडून ठेवलेले. यातला कुठलाच भाग वाईट नाही आणि या सगळ्यांपलीकडे एक शांत 'सेल्फ' असतो, हे मला पहिल्याच दिवशी फार पटलं.

ताईंनी घरी ऐकायला ऑडिओ दिले. डोळे मिटायचे, आत्ता जो भाग पुढे आलाय तो अंगात कुठे जाणवतो ते बघायचं, त्याचं रूप बघायचं, मग स्वतःला विचारायचं की याच्याबद्दल मला आत्ता काय वाटतंय. राग किंवा कंटाळा वाटला, तर तो दुसऱ्याच कुठल्या तरी भागाचा असतो. त्याला जरा मागे सरायची विनंती करायची. नुसतं कुतूहल उरलं, की मग त्या पहिल्या भागाला विचारायचं, तुला कसली भीती वाटते?

ऑडिओ चांगले आहेत, पण इंग्रजीत. मी रोज इंग्रजी वाचते, तरी डोळे मिटले की ते सगळं वरवरून जातं. माझ्या आत जे कुणी बसलंय त्याला इंग्रजी येत नाही, असं वाटतं. म्हणून मी तो मजकूर स्वतः मराठीत केला, फोनवर माझ्याच आवाजात रेकॉर्ड केला आणि एका दुपारी कूलर लावून ऐकायला बसले.

मागे सरण्याच्या वाक्याचं मी भाषांतर केलं होतं, 'तू थोडी बाजूला बसशील का?'

तिथेच सगळं थांबलं. घसा आवळला, हात गार पडले. डोळ्यांसमोर नागपूरच्या महाल वस्तीतलं आजीचं घर आलं आणि जिन्याखालची जागा. मी बारा वर्षांची. चटई, वेगळं ताट, वेगळा पेला. आजी म्हणायची, 'बाजूला बस गं, शिवू नको.' तहान लागली की धाकटी बहीण वरून पाणी ओतायची, पेल्याला पेला लागू नये म्हणून हात उंच धरून. तिला तो खेळच वाटायचा. निम्मं पाणी माझ्या मनगटावर सांडायचं. असे चार दिवस, दर महिन्याला.

आजीने माझ्यावर माया केली नाही असं नाही. तिच्या पिढीत तेच होतं. पण ज्या दोन शब्दांनी मला तेव्हा उठवून बसवलं, तेच दोन शब्द मी स्वतःच्या तोंडाने माझ्या आतल्या कुणाला तरी म्हणाले. त्यानंतर तीन आठवडे मी ते रेकॉर्डिंग उघडलेलं नाही. ताई सध्या बाहेरगावी आहेत, पुढची भेट महिनाअखेरीस.

तर मला हे विचारायचं आहे. असं ध्यान मराठीत कुणी केलंय का, आणि कुठले शब्द वापरलेत? 'भाग', 'सेल्फ', 'मागे सरणं' याला तुमच्या तोंडी काय येतं? आणि हे मी एकटीने पुढे चालू ठेवावं की ताई येईपर्यंत थांबावं?

---

वैनगंगा:

ताई, तुमचं वाचून मी पण जरा वेळ तशीच बसून राहिली. आमच्याकडे भंडाऱ्याला 'कावळा शिवला' म्हणायचे, बाकी सगळं तेच.

मी दोन वर्षांपासून हे करून राहिली आहे. 'भाग' हा शब्द मला कधीच लागू पडला नाही, भाग म्हटलं की शेताचे हिस्सेच आठवतात. आपल्याकडे शब्द आधीपासून आहे ना! 'एक मन म्हणते जा, एक मन म्हणते नको जाऊ.' माझी आई रोज म्हणायची हे. म्हणून मी 'हे एक मन' म्हणते. तुझं एक मन घाबरलंय, एक मन चिडलंय. लगेच ओळख पटते.

आणि बाजूला बस नाही, 'सरकून बस' म्हणून बघा. एसटीत आपण म्हणतोच, थोडं सरका, बसू द्या. त्यात कुणाला खाली उतरवत नाहीत. बाकावर सगळेच राहतात, फक्त जागा होते.

---

खिडकीपाशी:

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. तुम्हाला पाहिलेलं नाही, त्यामुळे सर्वसाधारण तेवढंच लिहिते.

तुम्ही काही चुकीचं केलेलं नाही. पण झालं काय, ते समजून घ्या. या पद्धतीत आधी राखणदारांशी बोलायचं असतं, म्हणजे टीका करणाऱ्या, घाई करणाऱ्या मनांशी. त्यांनी परवानगी दिली की मगच त्यांच्या मागे लपलेल्या लहान मुलीकडे जायचं. तुमच्या बाबतीत एका शब्दाने दार एकदम उघडलं आणि राखणदारांना विचारलंच गेलं नाही. मग त्यांनी घसा आवळून तुम्हाला थांबवलं. ते आवळणंसुद्धा एक राखणदारच समजा. पुढे कधी बसलात तर आधी त्यालाच विचारा, 'मी तिच्याजवळ गेले तर काय होईल असं तुला वाटतं?' उत्तर आलं नाही तरी चालेल.

त्या मुलीकडे एकटीने जाऊ नका. ते काम ताईंसमोर करायचं. घरी फक्त राखणदारांशी ओळख, तीही दहा मिनिटं. डोळे अर्धे उघडे ठेवा, तळपाय फरशीवर टेकवा. अंग सुन्न पडलं किंवा आपण इथे नाहीच असं वाटलं, तर लगेच थांबा आणि समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. आणि ताईंना आजच निरोप पाठवा, महिनाअखेरीची वाट बघू नका.

हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी: ज्यांना प्रत्यक्षात नसलेले आवाज ऐकू येतात किंवा वास्तवाचं भान सुटतं, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय हे करू नये. पद्धतीबद्दलचं संशोधनही अजून थोडंच आहे. २०१३ साली संधिवाताच्या रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात वेदना आणि नैराश्य कमी झाल्याचं दिसलं, पण तो छोटा होता. रात्री-अपरात्री फार त्रास झाला तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलतात.

---

निरंतर:

मी विपश्यना करतो. दहा दिवसांच्या शिबिरात अंगावरच्या संवेदना फक्त बघायच्या असतात, त्यांच्याशी बोलायचं नसतं. शिबिर चालू असताना दुसऱ्या पद्धती बाजूला ठेवायला सांगतात, तेव्हा दोन्हींची सरमिसळ करू नका एवढंच सुचवतो. तुमच्या ताईंचा हात धरलाय तर तोच रस्ता धरा.

'सेल्फ'ला 'आत्मा' म्हणू नका. त्यातून अध्यात्माचा वाद उभा राहील. मी असतो तर 'घरातलं शहाणं माणूस' म्हटलं असतं.

---

(मूळ लेखिका):

सगळ्यांचे मनापासून आभार. खिडकीपाशी, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच ताईंना निरोप पाठवला. त्यांचा त्याच रात्री फोन आला, शनिवारी ऑनलाइन भेटणार आहोत. तोवर त्या मुलीकडे जायचं नाही, असं त्यांनीही सांगितलं. घशाशी दहा मिनिटं बोलायला हरकत नाही म्हणाल्या.

काल बसले. डोळे अर्धे उघडे, पाय फरशीवर. 'भाग' काढून 'मन' घातलं. घशाला विचारलं, कसली भीती वाटते? बराच वेळ काही नाही. मग एकदम आतून आलं, 'तू रडशील आणि सगळे बघतील.' महालातल्या त्या घरात जिन्यावरून सगळ्यांची ये-जा असायची. तिथे बसून रडायची सोय नव्हतीच. इतकी वर्षं हा माझा घसा तेच काम करतोय, हे मला ठाऊकच नव्हतं. वर्गात आवाज चढतो तेव्हाही आधी हाच आवळलेला असतो.

त्याला 'सरकून बस' म्हणाले नाही. तशी वेळच आली नाही. 'तू इथेच राहा, मी बसते तुझ्याजवळ,' एवढंच म्हटलं. वैनगंगा, तुमचा बाक डोळ्यांसमोर होता.

शनिवारनंतर मजकूर ताईंना दाखवून पुन्हा रेकॉर्ड करणार आहे. पहिल्या वेळी दोन वाक्यांत पाच-सहा सेकंदच सोडले होते, ते फारच कमी पडतात. काल घशाने उत्तर द्यायला दीड-दोन मिनिटं घेतली. तुम्ही रेकॉर्डिंगमध्ये किती जागा सोडता? की फोन हातात ठेवून थांबवत थांबवत ऐकता? तेवढं कुणी सांगा.