ती अहिराणीत बोलली, कागदावर मराठी उतरलं. मग अर्थ कुणाचा?

बोरीकाठ (अमळनेर तालुका)

राम राम मंडळी. 19 वर्षं झाली, कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज लिहितो. वारसनोंद, सातबाऱ्यातली दुरुस्ती, रेशनकार्ड, बांधाच्या तक्रारी. समोरचा माणूस अहिराणीत सांगतो, मी कचेरीच्या मराठीत उतरवतो. भाषा तेवढी माझी, मजकूर त्याचा, असं इतकी वर्षं समजून चाललो होतो.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी एक तरुण आला. चुलतीशी बांधावरून वाद. नांगरताना याने बांध कोरला, म्हणून ती वावरात येऊन म्हणाली, ‘बांधले हात लावशी ते आठेच गाडसू तुले.’ मी लिहिलं: ‘सदर महिलेने मला जिवे ठार मारून जमिनीत गाडून टाकण्याची धमकी दिली असून माझे जीवितास धोका आहे.’ हे वाक्य सुचावं लागत नाही, ते बोटांत बसलेलं असतं. खाली नेहमीची ओळ: ‘वरील मजकूर मला वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे.’ पोराने सही केली आणि गेला.

दोन महिन्यांनी ती चुलतीच माझ्या टेबलापुढे उभी राहिली. सत्तरीची बाई, डोक्यावर पदर, हातात घडी घातलेला कागद. ‘वाची दे रे भाऊ, काय लिखेल शे ते.’ मी माझंच वाक्य तिला वाचून दाखवलं. ‘जिवे ठार’वर ती थांबली. म्हणाली, ‘हाई मी नही सांगं.’

ती खरं बोलत होती. आमच्या घरात हे शब्द रोजचे. मी जेवायला मागेपुढे केलं की माय म्हणायची, ‘गप बठ, नहीते गाडी टाकसू’, आणि पुढचा घास माझ्या तोंडात असायचा. वावरात उभ्या त्या बाईला राग होता, तो मी नाकारत नाही. पण ज्या पोराला तिने लहानपणी कडेवर वागवलं, त्याला ती त्याच्याच भाषेत, बांधापासून लांब हो, एवढंच सांगत होती. त्यालाही ते कळलं होतं. मला सांगताना त्याने ‘जीव’ हा शब्द एकदाही काढला नव्हता. तो मी घातला.

वाद पुढे गावच्या तंटामुक्ती समितीत मिटला. पोळ्याला मात्र दोन्ही घरं एकमेकांकडे गेली नाहीत.

शब्दाला शब्द लावला तर ‘गाडसू’ म्हणजे ‘गाडीन’च होतं ना? मग अर्थ एवढा कसा फिरला? आणि अर्जात अहिराणी बोल जसेच्या तसे ठेवावेत का? जाणकारांनी सांगावं.

काळा कोट (धुळे)

फरक कुठे पडतो ते आधी सांगतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 351 मध्ये साध्या धमकीला 2 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मृत्यू घडवण्याच्या धमकीला 7 वर्षांपर्यंत. तुमच्या ‘जिवे ठार’ या दोन शब्दांनी बाईला पहिल्या खणातून उचलून दुसऱ्या खणात ठेवलं. धमकीत घाबरवण्याचा हेतू आहे का, हेही कायदा बघतो. तो हेतू कोण कुणाला, कुठे, कशावरून बोललं यातून दिसतो, आणि तुमच्या वाक्यात त्यातलं काहीच उरलं नव्हतं.

साक्षीदार न्यायालयाच्या भाषेपेक्षा वेगळ्या भाषेत बोलला, तर शक्य असेल तेव्हा त्याच भाषेत नोंद करावी, नाहीतर खरं भाषांतर जोडावं, अशी तरतूद 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 277 मध्ये होती. तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. आपली अडचण वेगळी आहे. अहिराणीला सगळे ‘मराठीच ती’ म्हणतात. त्यामुळे मध्ये भाषांतर झालंय, हेच कुणाला जाणवत नाही.

म्हणून बोललेलं वाक्य अवतरणात अहिराणीत लिहा आणि त्याखाली मराठी अर्थ द्या. पण अख्खा अर्ज अहिराणीत लिहायला मी सांगणार नाही. कचेरीचं मराठी गरिबाच्या अंगावरचं धड कापड असतं, ते काढून घेऊ नका. ‘सबब’, ‘सदर’, ‘विनंती’ पाहिली की अर्ज निदान पुढे तरी सरकतो.

खडू-फळा (चोपडा, आता निवृत्त)

कापडाची गोष्ट पटली. पण ते कापड कुणाच्या मापाचं शिवलंय, हेही बघायला हवं.

ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या 1907 सालच्या खंडात खान्देशी बोली, म्हणजे आपली अहिराणी, भिल्ल भाषांसोबत मांडली आहे. त्या सर्वेक्षणात नमुन्यासाठी बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट ठिकठिकाणच्या बोलींत करून घेतली होती. त्यातून विभक्ती कळते, क्रियापद कसं चालतं ते कळतं. माय लेकाला ‘गाडसू’ का म्हणते, ते त्यातून कळणार नाही. त्यासाठी घास भरवणारा हात दिसावा लागतो.

मालिनोव्स्की नावाचा अभ्यासक ट्रोब्रिअँड बेटांवर राहिला होता. 1923 मध्ये त्याने लिहिलं की तिथल्या लोकांचे बोल नुसते भाषांतर करून उलगडत नाहीत. होडी, समुद्र, कोण कुणाशी बोलतंय, हे सारं सांगावं लागतं. त्याने त्याला प्रसंगाचा संदर्भ म्हटलं. पुढे ऑस्टिन या तत्त्वज्ञाने 1955 च्या व्याख्यानांत मांडलं की बोलणं ही एक कृती असते: वचन देणं, माफी मागणं, बजावणं. बाईने बजावलं. तुमच्या कागदाने धमकावलं. बोल एकच होता, कृती दोन झाल्या, भाऊ.

लेवाची लेक (यावल)

माझी बोली लेवा, अहिराणीहून निराळी, पण ‘मले-तुले’ आमच्यातही आहे. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या गात, आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ उतरवून घेत. उतरवताना त्यांनी शाळेचं मराठी केलं असतं, तर आज ती बाई आपल्याला ऐकू आली नसती. लिहिणाऱ्याच्या हातात एवढं असतं, दादा.

मला तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल विचारायचंय. ‘वाचून दाखविला’ असं लिहिता, तेव्हा खरंच वाचता का? आणि कोणत्या भाषेत?

बोरीकाठ

ताई, तुमच्या प्रश्नाने दोन दिवस झोप लागली नाही. वाचतो, पण भरभर, आणि कचेरीच्याच मराठीत. माणूस मान हलवतो, मी कागद पुढे करतो.

कालपासून बदल केला. पारोळ्याकडून एक मुलगी आली होती, नांदवत नाहीत म्हणून. मी सवयीने लिहून गेलो: ‘सासरच्या लोकांनी मला मारहाण करून घरातून हाकलून दिले.’ मग थांबलो, स्क्रीन बाजूला सारली आणि सगळं अहिराणीत तिला सांगितलं. ती मध्येच म्हणाली, ‘हाकली नही दादा. मी निंघी उनू.’ म्हणजे, हाकललं नाही, मीच निघून आले.

मी विचारलं, असंच लिहू? वकील नसलेल्या माणसाने सल्ला देऊ नये, म्हणून बाकी काही बोललो नाही. ती बराच वेळ टेबलाच्या कडेला नख घासत बसली. मग म्हणाली, लिही, ‘मार सहन व्हयना नही, म्हनीसन मी निंघी उनू.’

तसंच लिहिलं, अवतरणात. खाली मराठी. अर्ध्या पानाच्या अर्जाला पाऊण तास लागला, मागे चार माणसं उभी होती. अंगठ्याऐवजी तिने सही केली, पूर्ण नावाची, एकेक अक्षर सोडवून. काळा कोट साहेब, ते ‘सहन व्हयना नही’ वाक्य कचेरीत कुणी खोडायला सांगितलं, तर तिने काय म्हणावं, तेवढं सांगा. सोमवारी ती परत येणार आहे.