बेसबॉल गेममधल्या प्लेअरच्या खुणा: हातवारे, इशारा, लकब की अजून काही?

प्रश्न: एमएलबी द शो हा बेसबॉलचा व्हिडिओ गेम खेळताना प्लेअर मध्येच काहीतरी हातवारे करतात, त्याचा अर्थच लागत नाही. कोणी आउट झालं की फिल्डर पहिलं बोट आणि करंगळी वर करून एकमेकांना दाखवतात, बॅटर उभा राहता राहता मागचा हात अंपायरकडे उंच धरतो, बॅटरच्या मागे बसलेला कॅचर एकदम लांबच्या अंपायरकडे बोट करतो. हे खऱ्या खेळात असतं का? आणि मराठीत लिहायचं तर हातवारे म्हणायचं का हावभाव?

उत्तर: सगळं खरं आहे, पण दोन्ही शब्द नका वापरू. हातवारे म्हटलं की नुसती हालचाल डोळ्यासमोर येते, ठरलेला अर्थ नाही, आणि हावभाव चेहऱ्याचे, नाटकातले नाचातले. तुम्ही सांगितलंय त्यातलं प्रत्येक हे कोणालातरी उद्देशून आहे. खूण म्हणा. आणि अर्थ लागत नसेल तर हात काय करतोय यापेक्षा तो कोणाला दाखवतोय ते बघा, लगेच उलगडतं.

पहिलं बोट आणि करंगळी म्हणजे दोन आउट. शेजारशेजारची दोन बोटं आउटफिल्डमधून बघितली की एकच वाटतं, म्हणून मधली दोन मिटून कडेची उघडतात. (आपल्याकडे शाळेत नुसती करंगळी वर केली की काय ते सगळ्यांना माहितीये, त्यामुळे मराठी माणूस हे बघून गोंधळणारच.) आणि ही खूण शोभेची नाही हो, दोन आउट झाले की फिल्डिंगचा सगळा हिशोब बदलतो, डाव संपवायला एकच आउट हवा असतो त्यामुळे डबल प्लेच्या (एकाच बॉलवर दोघांना आउट करायच्या) मागे न लागता जवळच्या बेसवर बॉल टाकला की काम झालं, आणि रनर पण बॅटला बॉल लागला रे लागला की पळत सुटतात.

कॅचरचं म्हणाल तर ते अपील आहे. बॅटरने अर्धी बॅट फिरवून आवरली तर मागच्या अंपायरला नीट दिसत नाही, मग उजव्या बॅटरसाठी पहिल्या बेसच्या आणि डावऱ्यासाठी तिसऱ्या बेसच्या अंपायरला विचारतात. त्याने मूठ दाखवली तर स्विंग धरला, म्हणजे बॅट फिरवलीच असं मानलं, दोन्ही हात आडवे पसरले तर नाही. क्रिकेटवाल्यांना ते वाइड वाटतं, तसं काही नाही.

प्रश्न: मग बॅटरच्या हाताला इशारा म्हणू का?

उत्तर: जरा जपून. इशारा करणे आणि इशारा देणे यात फरक आहे ना, इशारा दिला म्हणजे तंबी दिली. बॅटर तिथे टाइम मागतोय, अंपायरने दिला तरच खेळ थांबतो, नुसता हात वर केला म्हणून थांबत नाही. २०२३ ला पिच क्लॉक (बॉल टाकायची वेळ मोजणारं घड्याळ) आला तेव्हापासून तर बॅटरला त्याच्या बॅटिंगच्या एका पाळीत एकदाच मागता येतो, त्यामुळे तो हात आता विचार करून वर जातो. मी सरळ ‘टाइम मागणे’ लिहीन.

अजून एकाचं उत्तर: यात लकब हा शब्द राहिलाच की! सगळ्याच गोष्टी खुणा नसतात. जपानी बॅटर इचिरो सुझुकी आठवा, उजव्या हातात बॅट उभी पिचरच्या दिशेने धरायची आणि डाव्या हाताने उजव्या खांद्याजवळची बाही ओढायची, दर वेळेला तेच. ते कोणाला सांगणं नाही, ती त्याची लकब. सचिन बॉल खेळण्याआधी गार्ड नीट करायचा तसंच. द शो मध्ये खऱ्या प्लेअरचे स्टान्स (उभं राहायच्या पद्धती) हुबेहूब असतात त्यामुळे खूण आणि लकब एकाच स्क्रीनवर मिसळतात आणि नवीन माणसाला वाटतं सगळ्यालाच अर्थ आहे.

आणि कॅचर दोन पायांच्या मध्ये बोटं दाखवून पिचरला सांगतो ना कुठला बॉल टाक, त्याला तर आपल्याकडे शब्द आयता आहे, करपल्लवी! नेत्रपल्लवी डोळ्यांची, करपल्लवी बोटांची, आणि दोन्ही तिसऱ्याला कळू नये म्हणूनच. २०२२ पासून अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये (एमएलबी) पिचकॉम नावाचं बटणांचं यंत्र आलं, पिचरला टोपीत ऐकू येतं, त्यामुळे ही करपल्लवी कमी होत चाललीये, मला वाईट वाटतं त्याचं.

प्रश्न: एक राहिलं. शिकागोच्या रिग्ली फिल्डवर भिंतीपाशी बॉल गेला आणि आउटफिल्डर दोन्ही हात वर करून उभाच राहिला, बॉल उचलायलाच गेला नाही, हार मानली का?

उत्तर: अजिबात नाही, तो अंपायरला सांगतोय की बॉल वेलीत अडकला. तिथल्या विटांच्या भिंतीवर आयव्हीची वेल आहे, तिच्यात बॉल अडकला की बॅटरला दोनच बेस मिळतात. पण फिल्डर हात घालून शोधायला लागला तर खेळ चालू धरला जातो आणि रनर पळत राहतो. म्हणून हात वर ठेवायचे आणि वेलीला हात लावायचा नाही.