पहाटेच्या दंवात गाडी चालू होत नाही तेव्हा : तुमचे अनुभव सांगा

घाटाखालचा, केरी-सत्तरी
गोव्यात थंडी कसली, असं म्हणणाऱ्यांनी जानेवारीत पहाटे पाचला आमच्या केरीत येऊन उभं राहावं. पणजीत पारा 20 च्या आसपास असतो तेव्हा इथे चोर्ला घाटाच्या पायथ्याशी तो आणखी खाली उतरलेला असतो. आणि थंडीपेक्षा वाईट ते दंव. पत्र्यावरून टपटपतं, झावळ्यांवरून टपटपतं, सीट पुसली की फडकं पिळावं लागतं.

माझी गाडी 2008 ची, शंभर सीसी, किकवाली. साखळीहून कंपनीची बस सहाला. गेले दहा दिवस गाडी पहाटे काही केल्या लागत नाही. वीस-पंचवीस किका होतात, मग आई उठते, पदर खोचते आणि मागून ढकलते. उतार संपायच्या आत लागली तर लागली. आणि नऊला अंगणात ऊन आलं की तीच गाडी अर्ध्या किकेत! परवा ठिणगी पाडणारा प्लग काढून न्हाणीच्या चुलीशी शेकला, तर चालू झाली. काल शेकला, तर नाही.

तुम्हाला असं झालं असेल तर शेवटी काय निघालं ते लिहा. फक्त 'गॅरेजला दाखव' म्हणू नका. दाखवली. तिथे दहा वाजता एका किकेत लागते आणि मीच वेडा ठरतो.

जुना पायलट, म्हापसा
आधी एक सांगतो बाबा, पेट्रोलचे हात घेऊन चुलीशी बसू नकोस. प्लग कोरड्या फडक्याने पूस, फुंकर मार, वाऱ्यावर ठेव. तेवढ्याने भागतं.

पिवळं मडगार्ड लावून, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी चालवून, माझी सव्वीस वर्षं गेली. थंडीतल्या निम्म्या तक्रारी चोकच्या असतात, आणि त्यातल्या निम्म्या चोक जास्त ओढल्याच्या. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून चोक हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवतो. इथपर्यंत ठीक. पण माणूस घाईत असला की चोक ओढून किका मारत सुटतो, वर मूठही पिळतो. प्लग भिजला की संपलं.

माझंच झालं दोन वर्षांपूर्वी. मोपाची पहाटेची फ्लाइट, गिऱ्हाईक पाठीवर बॅग घेऊन उभं, दर मिनिटाला घड्याळ बघतंय. मी किकवर किक. पेट्रोलचा वास नाकात भरला तेव्हा डोकं चाललं. पेट्रोलचा कॉक बंद केला, चोक परत जागेवर ढकलला, मूठ पूर्ण पिळून धरली आणि सलग आठ किका मारल्या. आतलं जास्तीचं पेट्रोल हवेबरोबर निघून जातं. नवव्या किकेला भडभड करून काळा धूर सोडला आणि लागली. फ्लाइट मिळाली की नाही ते ठाऊक नाही, भाडं मात्र मिळालं.

तेव्हापासून सीटखाली प्लगचा पाना आणि एक सुका प्लग कायम. आणि गाडी लागली की अर्ध्या-एक मिनिटात चोक मागे. काही जण पर्वरीपर्यंत चोकवर जातात आणि मग गाडी पेट्रोल पिते म्हणून रडतात.

घाटाखालचा
पायलटमामा, चोक अर्धाच ओढतो. प्लग काढला तेव्हा ओला होता, पण पेट्रोल येतंय हेही त्यातच कळलं ना?

जुना पायलट
कळलं. पेट्रोल येतंय, पण पेटत नाही. म्हणजे आता करंट शोध. ते माझं खातं नव्हे.

जत्रेकरी, कुंकळ्ळी
माझा अनुभव दोन ओळींचा. फातर्प्याची जत्रा, रात्रभर नाटक, पहाटे चार वाजता मळ्यात लावलेल्या दोनेकशे गाड्यांतून आपली शोधली. सगळ्या दंवाने पांढऱ्या. सेल्फ नाही, काही नाही. किका मारून दम लागला. मित्राने प्लग काढला, घासला, लावला. तासाभराने एका शाळकरी पोराने उजव्या मुठीजवळचं, इंजिन बंद करायचं लाल बटण वर केलं. कुणीतरी जाता-जाता खेळ केला होता. त्या पोराला खाजं घेऊन दिलं.

काथ्या, पेडणे
मी बाई असल्यामुळे गॅरेजमध्ये पहिलं उत्तर मिळालं ते 'मॅडम, तुम्ही नीट स्टार्ट करत नसाल'. यजमानांची मोटरसायकल मीच चालवते, शाळा आठला. डिसेंबरात गाडी लागायची, दोन मिनिटं गुरगुरायची, मागून काळा धूर, आणि बंद. दोन ठिकाणी प्लग बदलून दिला. दोन्ही वेळा पैसे घेतले.

तिसऱ्या खेपेला मी स्वतः बाजूचं झाकण उघडलं, कारण रात्री तिथून खसखस ऐकू यायची. एअर फिल्टरच्या डब्यात नारळाच्या सोडणाचा काथ्या, माझ्याच ओढणीचा एक तुकडा आणि गुलाबी रंगाची, डोळे न उघडलेली चार पिल्लं! उंदरीण डब्याच्या हवेच्या तोंडातून आत शिरत होती. गाडीला श्वासच मिळत नव्हता, म्हणून नुसतं पेट्रोल जळून धूर. पिल्लांचं काय केलं ते विचारू नका, सासूबाईंनी पाहिलं. आता रोज खोपीतल्या नारळांपासून दूर लावते. खेडेगावात हे जरूर तपासा, उंदरांनाही थंडीत ऊबच हवी असते.

दर्यावर्दी, चिखली
मी सहा महिने जहाजावर, सहा महिने घरी. गाडी तेवढा काळ आच्छादनाखाली. डिसेंबरात आलो, बॅटरी ठार. ती अपेक्षितच. नवी बसवली, तरी नुसती खोकायची. कार्बोरेटरच्या, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, वाटीखालचा स्क्रू सोडून आतलं पेट्रोल काचेच्या पेल्यात काढलं तर तळाशी पाण्याचे गोल थेंब, पाऱ्यासारखे पळणारे. वर रॉकेल-वार्निशसारखा आंबट वास. पेट्रोल सोडणारं बारीक भोक, पायलट जेट, चिकट होऊन बंद. जेट सुईने कोरू नका, भोक मोठं होतं. कार्बोरेटर क्लीनर आणि हवा.

पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्याची वाफ व्हायला उष्णताही जास्त लागते. समुद्राकाठच्या दमट हवेत उभ्या गाडीला हे दुहेरी. आता जाताना कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, वाटी रिकामी राहते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवतो. टर्मिनलवर खाऱ्या हवेने हिरवा-पांढरा फुलोरा येतो, तो गरम पाणी आणि सोड्याने धुवून वर जरासं ग्रीस.

बुलेटवाला, मडगाव
खरी थंडी पाहिली ती लडाखला. गोव्याहून जुनी कार्बोरेटरवाली बुलेट रेल्वेने चंदीगडपर्यंत नेली होती. इथल्या सवयीने लेहला पहाटे पूर्ण चोक ओढला आणि प्लग काळा केला. लेह 3500 मीटरवर आहे, हवाच विरळ. मिश्रण आधीच पेट्रोलने जड असतं, त्यात आणखी चोक! इंजिन ऑइल मधासारखं घट्ट झालेलं, किक अर्ध्यात अडायची. तिथल्या पोराने चावी बंद ठेवून सात-आठ किका सावकाश मारल्या, ऑइल हललं, मग चावी लावून मारली. आमच्याकडे ऑइलला दोष देणारे बरेच आहेत, पण 18-20 अंशांत 20डब्ल्यू-40 जातीच्या ऑइलला काही होत नाही.

मास्तर, फोंडा
आयटीआयमध्ये मुलांना हेच शिकवतो, म्हणून थोडं लांबवतो.

सेल्फवाल्यांसाठी : मीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. 12.2 वर आली तर निम्मी उतरली समजा. सेल्फ मारताना 10 च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी म्हातारी झाली किंवा वायर सैल आहे. नुसती टक्-टक् येणं म्हणजे बहुधा हेच. गाडी चालू असताना, जरा रेस दिल्यावर 14 च्या आसपास हवं. नसेल तर बॅटरी नवी आणून उपयोग नाही, चार्जिंग बघा. आपल्याकडच्या थंडीने बॅटरी मरत नाही, मरायला टेकलेली उघडी पडते एवढंच.

2020 नंतरच्या बीएस-6, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या, गाड्यांत बहुतेक ठिकाणी चोक नाहीच. चावी फिरवल्यावर टाकीतल्या पंपाचा 'झीं' आवाज येतो, तो थांबेपर्यंत दोन-तीन सेकंद थांबा आणि मग बटण दाबा. मूठ पिळू नका. आणि बॅटरी पूर्ण गेली असेल तर आईला ढकलायला लावून उपयोग नाही, कारण पंपालाही करंट लागतो.

आता केरीवाल्यांसाठी. तुम्ही उत्तर आधीच लिहिलं आहे. पहाटे नाही, ऊन आलं की अर्ध्या किकेत. प्लगच्या टोपीतून हजारो व्होल्ट जातात. टोपीला बारीक चीर असली आणि वरून दंवाचा ओला थर बसला, की करंट प्लगच्या टोकापर्यंत न जाता बाहेरून इंजिनवर उतरतो. ऊन पडलं, थर वाळला, गाडी चालू. परवा प्लग शेकून चालू झाली म्हणता. माझा अंदाज, त्या दिवशी टोपी फडक्यात धरून ओढली असणार, ती पुसली गेली. काल हातानेच ओढलीत.

पहाटे सगळे दिवे बंद करा. एकाने किक मारा, दुसऱ्याने टोपीकडे बघा. हात लावू नका, झटका सणसणीत बसतो. पेट्रोल सांडलेलं असेल तर आधी पुसून वाळू द्या.

घाटाखालचा
मास्तर, फडक्याचं तुम्हाला कसं कळलं? खरंच तसंच होतं.

आज सव्वापाचला आईला उठवलं आणि सांगितलं, आज ढकलायचं नाही, बघायचं. ती म्हणाली, काय बघू? म्हटलं, इथे, टाकीच्या खाली. अंगणातला बल्ब बंद केला. काळोख, कुठे कुत्रंही भुंकत नव्हतं. मी पहिली किक मारली, काही नाही. दुसरी मारली आणि आई जवळजवळ ओरडली, "अरे, काजवा!"

मग मी वाकून बघितलं, किक हाताने दाबत. टोपी जिथे प्लगवर बसते तिथून एक निळी बारीक रेघ वळवळत इंजिनच्या पाकळ्यांवर उडत होती. तडतड आवाजही येत होता, इतके दिवस किकेच्या आवाजात ऐकूच आला नव्हता. टोपी फडक्याने कोरडी केली, तिसऱ्या किकेत लागली. बस मिळाली.

संध्याकाळी साखळीत नवी टोपी घेतली. चहा-भाजीपावाच्या बिलापेक्षा थोडी महाग. जुनी उलटी करून दुकानाच्या ट्यूबखाली धरली तर आत नखाएवढी चीर, कडा राखाडी झालेल्या. वायरचं टोक हिरवं पडलं होतं, बोटभर कापून टाकलं आणि टोपी पिळून बसवली.

उद्या पहाटेचं उद्या लिहितो.

घाटाखालचा
दुसऱ्या किकेला. दंव कालच्यापेक्षा जास्त होतं. आई न्हाणीत चूल पेटवत होती, तिथूनच विचारलं, "मेला काय रे तो काजवा?"