फोर्ट, काळबादेवी, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) : खासगी मोटारींवर बंधन आले तर? आपले अनुभव लिहा

मुंबईत आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागल्यापासून, शहराच्या व्यापारी भागांत खासगी मोटारी कशाला हव्यात, हा प्रश्न अधूनमधून ऐकू येतो. मते सगळ्यांकडेच आहेत. येथे मात्र या भागांत रोज वावरणाऱ्यांनी स्वतः पाहिलेले आणि सोसलेले लिहावे, ही विनंती.

डोंबिवलीकर, नोकरी बीकेसीत

कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहणे हा माझा नित्यक्रम आहे, कारण भुयारी मेट्रो कुर्ल्याला येत नाही. आमच्या इमारतीसमोर वरिष्ठांच्या मोटारी सकाळी एकेकाला सोडतात आणि संध्याकाळपर्यंत तिथेच उभ्या राहतात. दुपारी जेवायला खाली उतरले की आसन मागे टाकून, पाय खिडकीबाहेर काढून झोपलेले चालक ओळीने दिसतात. बसला थांबण्यासाठी असलेली रस्त्याची कड या मोटारींनी अडवल्यामुळे बस भर रस्त्यात थांबते आणि मागची सगळी वाहतूक तुंबते. बंदी घालायचीच तर आधी या उभ्या मोटारींवर घालावी, धावत्यांचे नंतर पाहता येईल.

कापड दुकानदार, मंगळदास मार्केट परिसर

मोटारी बंद झाल्या की गिऱ्हाईक तुटेल, असे आमच्या शेजारच्या व्यापाऱ्यांना वाटते; मला तसे वाटत नाही. लग्नसराईत बस्ता बांधायला येणारी बहुतेक कुटुंबे लोकलने मरीन लाइन्स किंवा सीएसएमटीला उतरून चालत येतात. माल मात्र हातगाडीवरून आणि हमालांच्या डोक्यावरून येतो, आणि एखादी मोटार गल्लीच्या तोंडाशी ‘दोन मिनिटांसाठी’ उभी राहिली की गठ्ठ्यांनी भरलेली हातगाडी ना पुढे जाते ना मागे. डोक्यावर ओझे घेतलेला माणूस तेवढा वेळ उन्हात ताटकळतो, हे मोटारीतल्यांच्या गावीही नसते. दुकाने उघडण्याआधी टेम्पोंना माल उतरवू द्यावा आणि त्यानंतर रात्रीपर्यंत मोटारी बंद ठेवाव्यात, एवढेच मागणे आहे.

गिरगावची रहिवासी

काळा घोडा महोत्सवात के. दुभाष मार्ग वाहनांना बंद असतो तेव्हा तिथे फिरण्यासारखे सुख नाही. पण आईला चाकांच्या खुर्चीतून नेले, तेव्हा टॅक्सी दूरच सोडावी लागली, आणि वाहने अडवण्यासाठी पदपथावर रोवलेल्या दोन खांबांमधून खुर्ची जाईना. शेवटी दोन अनोळखी मुलांनी ती आईसकट उचलून पलीकडे ठेवली. रस्ता बंद करताना अशांचा विचार कोण करणार?

निवृत्त बँक अधिकारी, दादर

लंडनने फेब्रुवारी २००३ मध्ये मध्यवर्ती भागात येणाऱ्या मोटारींवर दिवसाला ५ पौंड शुल्क बसवले, तेव्हा मी कामानिमित्त तिथे होतो. पहिल्याच दिवशी शहर ठप्प होईल अशी भाकिते झाली होती. प्रत्यक्षात रस्ते मोकळे दिसले, कारण जादा बसगाड्यांची सोय आधीच करून ठेवलेली होती. त्याही आधी, १९७५ मध्ये, सिंगापूरने सकाळच्या गर्दीच्या वेळी मध्यवर्ती भागात मोटार नेण्यासाठी विकतचा परवाना सक्तीचा केला, पण चार माणसे असलेल्या मोटारींना सुरुवातीला सूट दिली. चर्चगेटहून नरिमन पॉइंटला शेअर टॅक्सीने जाणाऱ्या आपल्या लोकांना हे सहज पटेल. गिरगावच्या ताईंना सांगतो, लंडनमध्ये अपंगत्वाचे ओळखपत्र नोंदवणाऱ्यांना शुल्क माफ असते. आपल्याकडे मात्र माफीच्या रांगेत सरकारी पाट्या लावलेल्या गाड्या पुढे घुसतील, अशी मला भीती वाटते.